दीड ओहमचा श्वास

जळक्या कापसाचा वास फार हट्टी असतो. तो पडद्यांत शिरतो, उशीच्या अभ्र्यांत दडून बसतो, आणि खिडकी उघडली तर बाहेर जाण्याऐवजी समुद्रावरून येणाऱ्या दमट वाऱ्याचा हात धरून साऱ्या घरभर फिरतो. मस्कतमधल्या अल हैलच्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात एका शुक्रवारी सकाळी तो असा काही पसरला, की शेजारच्या बाईंनी दार ठोठावून विचारलं, "मार्था, इस्त्री चालू राहिली का गं?" इस्त्री नव्हती. जळला होता तो तांदळाच्या दाण्याएवढा कापसाचा बोळा. माझा नवरा इनास जेवणाच्या टेबलाशी मान खाली घालून बसला होता. त्याच्या हातात मुठीएवढ्या लांबीचं एक धातूचं यंत्र होतं आणि चेहऱ्यावर, पेपरात नापास झालेल्या मुलाच्या चेहऱ्यावर असते, तशी ओशाळी छटा. मी मात्र मनातून आनंदले होते. कारण त्या सकाळी तो माणूस चुकत होता, पण चुकत असताना शिकत होता. आणि कुठलंही व्रत नसताना, पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच, सकाळचे दहा वाजले तरी त्याच्या ओठांत सिगारेट नव्हती.

माणसं कशाकशाचा अभिमान बाळगतात! कुणी घराच्या मजल्यांचा, कुणी लेकरांच्या गुणांचा, कुणी आपल्या गावच्या आंब्याचा. माझा अभिमान सहा वेढ्यांच्या एका बारीक तारेत गुंडाळलेला आहे, असं मी सांगितलं तर तुम्हाला हसू येईल. येऊ द्या. आधी ऐकून घ्या आणि मग हसा.

आम्ही दोघंही वसईचे. लग्नाआधी मी आमच्या गावच्या चर्चच्या शाळेत मराठी शिकवत होते; लग्नानंतर इनासच्या पाठोपाठ मस्कतला आले. मुलगी इथेच वाढली, इथेच शिकली आणि पुढल्या शिक्षणासाठी पुण्याला गेली. घरात आम्ही दोघं उरलो. इनास गाला भागातल्या एका कारखान्यात जळालेल्या मोटारी पुन्हा गुंडाळतो. विहिरीवरचे पंप, मोठमोठे पंखे, वातानुकूलन यंत्रांच्या मोटारी उन्हाळ्यात तापून जळतात आणि मग त्याच्या बाकावर येतात. जुनी काळवंडलेली तार तो उपसून काढतो आणि नवी तांब्याची तार, वेढ्याला वेढा लावत, इतकी सलग बसवतो की हात फिरवला तर रेशमाचा भास व्हावा. त्याच्या मालकाने, म्हणजे इथल्या भाषेत अर्बाबने, एकदा मला सांगितलं होतं, "तुझ्या नवऱ्याने बांधलेली मोटार परत येत नाही." मी ते वाक्य घरी येईपर्यंत मनात घोळवत होते. इनासने मात्र खांदे उडवले होते आणि सिगारेट पेटवली होती.

ती सिगारेट! तिच्याविषयी लिहायचं तर मला थोडी लाज आणि थोडी माया, दोन्ही वाटतात. इनासचं सिगारेट ओढणं हा एक छोटासा विधी होता. आधी तो धूर हलकेच तोंडात घेई, गाल किंचित आत जात; मग क्षणभर थांबे, जणू काही चव ओळखतो आहे; आणि त्यानंतरच तो धूर छातीत उतरे. घाई नाही, हावरटपणा नाही. विषसुद्धा किती नजाकतीने पिता येतं, याचं ते दर्शन होतं म्हणा ना. मी ते रोज पाहत होते आणि पाहूनही पाहत नव्हते. नवऱ्याच्या सवयी या भिंतीच्या रंगासारख्या असतात. घरात शिरल्यावर पहिले काही दिवस दिसतात, मग दिसेनाशा होतात.

सोडायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. दर वर्षी ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी, कपाळावर राखेचा क्रूस घेऊन रुवीच्या चर्चमधून बाहेर पडताना, तो मला म्हणे, "या उपवासकाळात खलास. एकही नाही." एका वर्षी ते व्रत पाच दिवस टिकलं, एका वर्षी नऊ, आणि एका वर्षी तर तिसऱ्या आठवड्यापर्यंत गेलं. त्या तिसऱ्या आठवड्यात तो इतका मूक झाला होता, की घरात दोन माणसं आहेत हे ताटं वाढताना आठवावं लागे. शेवटी मीच म्हटलं, "ओढ बाबा, पण बोल." ते माझं पाप. त्याची कबुली मी फादरांपाशी दिली नाही, तुमच्यापाशी देते आहे.

मग एके दिवशी जिन्यात खोकला आला आणि थांबेना. रुवीतल्या एका दवाखान्यातल्या डॉक्टर बाईंनी छातीचा फोटो उजेडावर धरला. त्या केरळच्या, हिंदी सावकाश आणि नेमकी बोलणाऱ्या. फोटोतल्या धुरकट भागावरून त्यांनी पेन फिरवलं आणि म्हणाल्या, "अजून वेळ आहे. पण पुष्कळ नाही. सिगारेट याच महिन्यात सुटली पाहिजे." इनासने मान डोलावली. घराखाली गाडी लावून तो आतच बसून राहिला आणि स्टिअरिंगवरचे आपले दोन्ही हात पाहत म्हणाला, "मार्था, या हातांना सगळं जमतं गं. हे एकच कसं जमत नाही?"

काही प्रश्नांना उत्तर नको असतं, सोबत हवी असते. मी गाडीतून उतरले नाही, एवढंच केलं.

माझ्या बहिणीचा मुलगा नेल्सन प्रवासी जहाजावर स्वयंपाकघरात मोठ्या हुद्द्यावर आहे. पस्तिशीचा, बायकोपोरांचा धनी. हिवाळ्यात त्याचं जहाज मत्राच्या धक्क्याला लागतं, आणि तेवढ्या काही तासांत तो मावशीच्या हातची माशाची आमटी खाऊन जातो. त्या हिवाळ्यात तो आला तेव्हा मी त्याला डॉक्टर बाईंचं बोलणं सांगितलं होतं. त्याने खिशातून एक खोकं काढून इनाससमोर ठेवलं.

"काका, हा माझा व्हेप. मी नवा घेतलाय, हा तुम्हाला ठेवा. यात तंबाखू जळत नाही. आत कॉइल असते, ती तापते, या निकोटिनच्या रसाची वाफ होते. आमच्या जहाजावर तिघांनी यावर सिगारेट सोडली."

मस्कतच्या दुकानांत असल्या वस्तूंच्या विक्रीला बंदी होती, त्यामुळे इनासने ती कधी हातात धरली नव्हती. त्याने ती उलटसुलट करून पाहिली, जशी तो नवी मोटार पाहतो. मग गॅलरीत जाऊन त्याने पहिला झुरका घेतला. ढगासारखी पांढरी वाफ उसळली, इनासचे डोळे पांढरे झाले, आणि तो कठडा धरून इतका खोकला की खालच्या रस्त्यावरून जाणारे दोघे थांबून वर पाहू लागले. नेल्सन म्हणाला, "काका, सरळ छातीत घ्या, मोठा श्वास घ्या." त्याने पुन्हा घेतला. पुन्हा खोकला. तिसऱ्यांदा ओढण्याऐवजी त्याने ते यंत्र आत येऊन टेबलावर ठेवलं.

"हे तरण्या पोरांचं खेळणं," तो म्हणाला. "माझ्या छातीचं काम नाही."

नेल्सन जहाजावर परतला, यंत्र खणात गेलं, आणि इनास पूर्वीपेक्षा दोन सिगारेटी जास्त ओढू लागला. हरलेला माणूस आपल्या पराभवाला किती इमानाने मिठी मारतो! त्या दिवसांत मी देवाशी थोडी भांडले, नवऱ्याशी थोडी भांडले, आणि उरलेला राग भांड्यांवर काढला.

आता एका वेगळ्याच गोष्टीकडे वळते. पण ती वेगळी नाही, हे लौकरच कळेल. गुरुवारी संध्याकाळी आमच्या इमारतीतली मराठी मुलं माझ्याकडे वाचायला येत. इंग्रजी त्यांच्या जिभेवर पाण्यासारखं वाहतं, मराठी मात्र ठेचकाळत चालते. एक चुणचुणीत मुलगी सबंध परिच्छेद एका दमात वाचून टाकी आणि शेवटी तिचा जीव वर होई. त्या दिवशी मी तिला म्हटलं, "अगं, वाक्य एकदम गिळू नकोस. आधी शब्द तोंडात घे, तिथे त्याला जरा थांबू दे, मग पुढे जा." असं म्हणताना माझं लक्ष गॅलरीत गेलं. काचेच्या दारापलीकडे इनास एका बाजूला तोंड करून सिगारेट ओढत होता. गाल आत गेले. क्षणभर तो थांबला. मग छाती फुलली.

आधी तोंडात, थांबायचं, मग छातीत!

मी पुस्तक मिटलं. मुलांना त्या दिवशी पंधरा मिनिटं आधी सुट्टी मिळाली, आणि आपण इतकं सुंदर काय वाचलं याचं त्यांना नवल वाटलं असेल. मुलं गेल्यावर मी इनासला आत बोलावलं आणि खणातलं यंत्र त्याच्यापुढे ठेवलं.

"तू सिगारेट दोन पायऱ्यांनी ओढतोस," मी म्हटलं. "हे यंत्र तुला एकाच उडीत खाली ढकलतंय. दोष तुझ्या छातीचा नाही. हे यंत्र दुसऱ्याच श्वासासाठी बांधलंय."

तो माझ्याकडे पाहतच राहिला. पंचवीस वर्षांत मी त्याच्या धूम्रपानावर बोलले होते ते रागाने. इतक्या बारकाईने, जवळजवळ आदराने, कधी बोलले नव्हते. त्याने चष्मा लावला, यंत्राचं डोकं फिरवून उघडलं आणि आतली नखाएवढी कॉइल बाहेर काढली. तिच्या कडेवर कोरलेला आकडा वाचला, आणि माझा नवरा, जो महिनाभर हसला नव्हता, तो खो खो हसत सुटला.

"शून्य पूर्णांक तीन ओहम! अगं, ही कॉइल कसली, हा तर गिझर झाला! अडवणूक नावालाच, त्यामुळे वीज धो धो धावणार, ढीगभर वाफ होणार. आणि ही हवेची भोकं बघ, केवढी! ही वाफ तोंडात मावणारच नाही, ती थेट छातीवरच येऊन आदळणार." मग तो गंभीर झाला. "मला अडवणूक जास्त पाहिजे. ओहम जास्त, वीज कमी, वाफ थोडी आणि हवेची वाट अरुंद. सिगारेटच्या नळीएवढी अरुंद."

काय सांगू, त्या क्षणी मला काय वाटलं! इतके दिवस तो रुग्ण होता, पापी होता, हरलेला होता. एका आकड्याने तो पुन्हा कारागीर झाला. आजार त्याच्या आवाक्याबाहेरचा होता, पण तार? तार त्याच्या आवाक्यातली होती.

नेल्सनला मी संदेश पाठवला. पाच आठवड्यांनी जहाज पुन्हा मत्राला लागलं तेव्हा तो एक पुडकं घेऊन आला: अरुंद वाटेची एक छोटी टाकी, वेगवेगळ्या ओहमच्या कॉइलच्या डब्या, रसाच्या बाटल्या आणि बारीक तारेचं एक रीळ. रीळ कशाला, असं मी विचारलं तर म्हणाला, "दुकानदाराने सांगितलं, काही लोक कॉइल स्वतःच बांधतात. काका तार बघून खूश होतील म्हणून घेतलं."

मग सुरू झाले आमचे शुक्रवार. इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून प्रार्थनाही त्याच सकाळी; चर्च आटोपून आलं की जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरायचं, आणि एकेका कॉइलची परीक्षा घ्यायची. इनास झुरका घेई आणि मला वर्णन सांगे. मी पूर्वीची मराठीची बाई, मला मोघम शब्द चालत नसत. "बरी आहे" म्हणाला की मी म्हणे, "बरी म्हणजे काय? गरम? कोरडी? घशाला टोचते?" अर्ध्या ओहमची कॉइल गरम आणि उद्दाम निघाली. पाऊण ओहमच्या वरची जरा सभ्य, पण तोंडात थांबायला तयार नसलेली. एक पूर्णांक आठची इतकी मवाळ, की तो म्हणाला, "ही म्हणजे आजाऱ्याची पेज." प्रत्येक वेळी तो हवेची खिडकी नखाने किंचित फिरवे, विजेचा आकडा एकाने वाढवे किंवा उतरवे आणि डोळे मिटून पुन्हा ओढे. मी त्याच्या गालांकडे पाहत बसे. ते आत जातात का? तो थांबतो का? माझी परीक्षा तीच होती.

सुरुवातीला सांगितलेला जळका कापूस याच शुक्रवारांतला. नवी कॉइल बसवली की आतल्या कापसाला रस पिऊ द्यावा लागतो, दहाएक मिनिटं थांबावं लागतं. इनासला धीर निघाला नाही आणि कोरडा कापूस जळाला. त्यानंतर तो कॉइल बसवून घड्याळ समोर ठेवून बसे. आणि त्या दहा मिनिटांत आम्ही बोलत असू. मुलीविषयी, वसईच्या घराच्या कौलांविषयी, आमच्या लग्नातल्या बँडविषयी. सिगारेटला कधी दहा मिनिटं थांबावं लागलं नव्हतं. त्यामुळे आमच्या वाट्याला ही दहा मिनिटं पूर्वी कधी आलीच नव्हती.

चौथ्या शुक्रवारी दीड ओहमची कॉइल लागली. त्याने झुरका घेतला. गाल आत गेले. तो थांबला. छाती हलकेच फुलली आणि नाकातून एक विरळ, लाजरी वाफ बाहेर पडली. खोकला नाही. मी विचारलं, "काय?"

त्याने आणखी एक झुरका घेतला. मग म्हणाला, "हीच."

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला तेव्हा सिगारेटचं पाकीट टेबलावरच राहिलं. मला वाटलं, विसरला. संध्याकाळी आला तरी त्याने ते मागितलं नाही. तिसऱ्या दिवशी मी ते कचऱ्यात टाकलं आणि त्याने पाहून न पाहिल्यासारखं केलं. एवढ्या मोठ्या विजयाला ना वाजंत्री होती ना भाषण. खरे विजय बहुधा असेच, चपला काढून, हलक्या पावलांनी घरात येत असावेत.

पण गोष्ट इथे संपली असती तर मी ती लिहायलाच घेतली नसती. उन्हाळा आला. नेल्सनचं जहाज युरोपच्या थंड समुद्रात निघून गेलं. दीड ओहमच्या कॉइल एकामागून एक संपत गेल्या, आणि जूनच्या एका दुपारी शेवटचीही करपट चव देऊ लागली. डबीत उरल्या होत्या त्या नको असलेल्या कॉइल. त्या दिवशी इनास कामावरून आला आणि त्याने शर्टाच्या खिशातून सिगारेटचं नवं कोरं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. उघडलं नव्हतं. वरचा चकचकीत कागद तसाच होता.

ओरडावं असं वाटलं, ओरडले नाही. त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"तू रोज पंप जिवंत करतोस," मी म्हटलं. "जळालेली तार उपसतोस आणि नवी घालतोस. मग ही एवढीशी कॉइल काय वेगळी आहे?"

"अगं, ती मुगाच्या दाण्याएवढी आहे."

"आणि तुझ्या मोटारी हत्तीएवढ्या. हत्तीला जमवतोस, मुगाला घाबरतोस?"

त्याने पाकिटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि उठून आपली हत्यारांची पेटी आणली. टाचणीने त्याने करपलेल्या कॉइलचं बूड अलगद काढलं, काळा कापूस उपसला, जुनी तार ओढून काढली. मी उत्साहाने म्हटलं, "कारखान्यातली तांब्याची तार आहे ना घरात, ती घाल." तो दचकला.

"छे! तांबं विजेला वाट देतं, अडवत नाही. आणि तिच्यावर वार्निश असतं; ते तापून श्वासात गेलं तर सिगारेट परवडली. ही तार वेगळी असते." त्याने नेल्सनचं रीळ उघडलं.

दोन मिलिमीटरच्या ड्रिलच्या दांड्यावर तो तार गुंडाळू लागला. ते दृश्य मी कसं वर्णन करू? ज्या बोटांना आयुष्यभराच्या कामाने घट्टे पडले आहेत, ज्या बोटांच्या चिरांत वार्निशचा पिवळा रंग कायमचा मुरला आहे, ती जाडजूड बोटं केसाएवढ्या तारेला असं हाताळत होती, जणू नवजात बाळाची करंगळी धरली आहे. एक वेढा. दोन. तिसरा वाकडा गेला, तार टाकून दिली. पुन्हा एक. खिडकीबाहेर ऊन पांढरं होऊन पसरलं होतं, वातानुकूलन यंत्र घरघरत होतं, आणि आम्ही दोघं पन्नाशीतली माणसं एका तारेवर डोळे लावून बसलो होतो. पाचव्या प्रयत्नात सहा वेढे शेजारी शेजारी, एकमेकांना न चिकटता, नीट उभे राहिले. औषधाच्या दुकानातला कापूस मी उकळून वाळवला होता. त्याची वात करून त्याने ती आतून ओढली. बूड बसवलं. टाकी लावली. यंत्राच्या छोट्याशा पडद्यावर आकडा उमटला: एक पूर्णांक पाच.

यंत्र माझ्यापुढे धरून त्याने मला तो आकडा दाखवला, जसं मूल पाटी दाखवतं. मग आम्ही घड्याळ लावून दहा मिनिटं थांबलो. ती दहा मिनिटं मला फार लांब वाटली. त्याने झुरका घेतला. गाल, थांबणं, छाती. आणि तो म्हणाला, "दुकानातल्यापेक्षा बरी."

"बरी म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे माझी," तो म्हणाला.

सिगारेटचं ते पाकीट त्यानेच उचललं. नळाखाली धरलं, चकचकीत कागदासकट पिळलं आणि कचऱ्यात टाकलं. मी स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं, आणि गॅसच्या आवाजाच्या आडोशाने पोटभर रडून घेतलं.

ही बातमी गालाच्या त्या कारखान्यात पसरायला वेळ लागला नाही. इनासच्या शेजारच्या यंत्रावर हमीदभाई काम करत. रत्नागिरीकडचे, साठीला टेकलेले, दाढीत सिगारेटचा पिवळा पट्टा असलेले. त्यांच्या लंडनच्या भाच्याने त्यांना असंच एक यंत्र पाठवलं होतं आणि तेही तसंच खणात पडलं होतं. एका शनिवारी दुपारी, कामाचा अर्धा दिवस आटोपून, ते आमच्याकडे आले.

"इनासभाय, तुझ्यासारखी एक कॉइल मला पण बांधून दे. इन्शाल्ला, सुटेल माझी पण."

"माझ्यासारखी नको," इनास म्हणाला. "आधी एक सिगारेट ओढून दाखवा."

हमीदभाई चकित झाले. "सोडायला आलो आणि तू ओढायला सांगतोस?"

"ओढा हो. बघू द्या."

ते गॅलरीत गेले. इनास दारात उभा राहून त्यांच्या गालांकडे बघू लागला, आणि मी इनासकडे. तीच नजर, जी एका गुरुवारी माझी होती! हमीदभाई तोंडात धूर घेत, पण फार हळू, फार थोडा. "यांना माझ्यापेक्षा मऊ पाहिजे," तो माझ्या कानाशी पुटपुटला, आणि त्यांच्यासाठी त्याने सात वेढ्यांची कॉइल बांधली. हमीदभाईंनी झुरका घेतला, थांबले, आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"या खुदा! हे तुला कोणी शिकवलं रे?"

इनास हत्यारं आवरत होता. मान वर न करता म्हणाला, "तार मला येत होती. श्वास आमच्या मराठीच्या बाईंनी शिकवला."

मला या देशात येऊन वीस वर्षं होऊन गेली होती. इथे मी कुणाची बायको होते, कुणाची आई होते, कुणाची शेजारीण होते. "बाई" ही माझी खरी ओळख मी वसईच्या शाळेच्या दारात सोडून आले, असं मला वाटत होतं. ती त्या शनिवारी, जेवणाच्या टेबलावरच्या वर्तमानपत्रावरून, तारेच्या तुकड्यांतून, कुणीतरी उचलून माझ्या हातात परत दिली. अभिमान माणसाला फुगवतो असं म्हणतात. मी तर त्या दिवशी अगदी शांत झाले.

डॉक्टर बाईंना आम्ही सगळं खरं सांगितलं. त्यांनी नवा फोटो पाहिला, समाधानाने मान डोलावली, आणि इनासला बजावलं, "सिगारेट सुटली, चांगलं झालं. पण हे औषध नाही. ही पण एक सवयच आहे. ही पण सोडायची." इनासला ते पटलं होतं. नेल्सनकडून येणाऱ्या रसातलं निकोटिन त्याने हळूहळू उतरवत नेलं. दर खेपेला कमी, आणखी कमी. एके दिवशी माझ्या लक्षात आलं, की गेले कित्येक शुक्रवार टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं गेलेलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, "आठवणच राहत नाही." दीडेक वर्षाचा हा प्रवास असा, कुठल्याही घोषणेविना, एका विस्मरणात संपला. विसरणं हासुद्धा किती मोठा आशीर्वाद आहे, नाही?

त्यानंतरच्या वसंतात, ईदच्या सुट्टीत, आम्ही जबल अख्दरला गेलो. तिथे उंच कड्यावर गावं आहेत, पायऱ्यापायऱ्यांची शेतं आहेत, डाळिंबाची झाडं आहेत, आणि दगडी पन्हाळीतून झुळझुळणारं पाणी आहे. एका गावातून दुसऱ्या गावाकडे जाणारी चढणीची पायवाट होती. हवा विरळ आणि थंड. चालायला लागलो, आणि थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की माझी पावलं जड झाली आहेत, छाती धपापते आहे, आणि इनास माझ्या शेजारी नाही. तो पुढे होता. बराच पुढे. हात मागे बांधून, एका लयीत चढत, आंब्याच्या बागेत फेरी मारायला निघालेल्या शेतकऱ्यासारखा. वळणावर पोचल्यावर त्याने मागे पाहिलं.

"यल्ला, मार्था! ये ना!"

त्याचा आवाज दरीत घुमला, अखंड, मध्ये कुठेही न तुटता. मी हाताने त्याला "थांब" अशी खूण केली आणि वाटेकडेच्या एका सपाट दगडावर बसले. खरं तर आणखी दहा पावलं मला सहज चालता आली असती. पण मला खालून त्याच्याकडे पाहत राहायचं होतं. तो तिथे उभा होता, उन्हात, तोंड मिटून, नाकाने श्वास घेत, माझी वाट पाहत. आणि मी त्याला वाट पाहू दिली.